'लान': आयरिशमध्ये पूरक, चेकमध्ये रेचक

चेक आणि आयरिश या दोन भाषांच्या शब्दकोशांत तीन अक्षरांचा एक शब्द तंतोतंत एकाच वर्णलेखनाने भेटतो. रोमन लिपीतला 'ल', त्यापुढे डोक्यावर तिरकी रेघ असलेला 'अ' आणि शेवटी 'न'. उच्चार दोन्हीकडे साधारणपणे 'लान' असाच होतो, फक्त आयरिश माणसाचा 'ल' थोडा जाड, जिभेची मागची बाजू उचलून काढलेला असतो. आयरिश भाषेत या शब्दाचा अर्थ 'भरलेला, पूर्ण' असा आहे. चेक भाषेत त्याचा अर्थ 'दूरवर पसरलेले मोठे शेत' असा होतो आणि जुन्या दस्तऐवजांत तो जमीन मोजण्याचे एक माप म्हणून येतो. एक भाषा युरोपच्या पश्चिम टोकाच्या बेटावरची आणि दुसरी युरोपच्या मधोमध बोलली जाणारी. मग हा एकच शब्द आहे, की दोन वेगळे शब्द योगायोगाने सारखे दिसू लागले?

उत्तर आधीच सांगून टाकतो: हे दोन वेगळे शब्द आहेत. पण एवढ्यावर विषय संपत नाही, कारण या दोघांचीही नातलग मंडळी आपल्या मराठीत आहेत आणि ती एकमेकांच्या नेमक्या विरुद्ध अर्थाची आहेत. आयरिश 'लान' हा 'पूर्ण' या शब्दाचा सख्खा भाऊ आहे, तर चेक 'लान' ज्या मुळापासून निघाला त्याच मुळाचे फळ म्हणजे आपला 'रिक्त'.

शब्दांच्या कुळाकडे वळण्यापूर्वी त्या डोक्यावरच्या रेघेविषयी दोन वाक्ये लिहायला हवीत, कारण दोन्ही शब्द कागदावर सारखे दिसण्यात तिचा मोठा वाटा आहे. चेक भाषेत तिला 'चार्का' म्हणजे छोटी रेघ म्हणतात, तर आयरिशमध्ये 'शीन्ये फादा' म्हणजे 'लांब ताण' असे तिचे नाव आहे. काम दोन्हीकडे एकच, स्वर दीर्घ आहे हे दाखवणे. चेक लेखनात अक्षरांवर खुणा करून उच्चार दाखवण्याची पद्धत पंधराव्या शतकाच्या आरंभी एका लॅटिन ग्रंथातून मांडली गेली आणि त्या ग्रंथाचे श्रेय परंपरेने यान हुस या धर्मसुधारकाला दिले जाते. आयरिश रेघ त्याहून पुष्कळ जुनी असून मध्ययुगीन मठांतल्या हस्तलिखितांमध्येही ती दिसते. दोघींनी एकमेकींचे अनुकरण केलेले नाही. मात्र एकाच चिन्हाचे एकच काम ठरल्यामुळे दोन शब्दांचा पोशाख जुळून आला.

आयरिश 'लान' हा रोजच्या वापरातला, घरगुती शब्द आहे. 'ता अन बुद्येल लान' म्हणजे बाटली भरलेली आहे. एखादे भांडे काठोकाठ भरले असेल तर 'लान गो बेल' म्हणतात, आणि 'बेल' म्हणजे तोंड असल्यामुळे हा वाक्प्रचार आपल्या 'तोंडोतोंड भरलेले' याच्याशी शब्दशः जुळतो. समुद्राच्या पूर्ण भरतीला 'लान मारा' असे नाव आहे, म्हणजे समुद्राचे भरलेपण. 'अ लान' असे म्हटले की 'पुष्कळ' असा अर्थ होतो, म्हणून 'अ लान दीने' म्हणजे पुष्कळ माणसे. गेलिक फुटबॉलमध्ये बचावफळीच्या अगदी मागे उभ्या राहणाऱ्या खेळाडूला, म्हणजे फुलबॅकला, 'लानखूली' म्हणतात. वाक्याच्या शेवटी येणाऱ्या टिंबाला 'लानस्ताद' म्हणतात, आणि येथे मराठी वाचक नक्कीच थबकेल, कारण 'लान' म्हणजे पूर्ण आणि 'स्ताद' म्हणजे थांबा. आपल्या 'पूर्णविरामा'ची घडणही अगदी हीच आहे.

पूर्णविरामातले हे साम्य केवळ अर्थापुरते नाही. 'लान' आणि 'पूर्ण' हे दोन शब्द मुळात एकच होते.

हे प्रथमदर्शनी पटण्यासारखे नाही. 'पूर्ण' या शब्दात 'प' आहे, 'र' आहे, दीर्घ 'ऊ' आहे, आणि आयरिश शब्दात यांतले काहीच नाही. येथे तुलनात्मक भाषाविज्ञानाची रीत समजून घ्यावी लागते. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे विल्यम जोन्स यांनी 1786 साली केलेल्या भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच, बहुधा लोप पावलेल्या मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात असे मत मांडले होते आणि केल्टिक भाषांचाही त्या कुळाशी संबंध असावा असे सुचवले होते. आयरिश ही याच केल्टिक शाखेतली भाषा. त्यानंतरच्या शतकात अभ्यासकांच्या ध्यानात आले की एका कुळातल्या भाषांमध्ये ध्वनी मनमानी पद्धतीने बदलत नाहीत. एखाद्या भाषेत एखादा ध्वनी बदलला, तर तशाच परिस्थितीत असलेल्या इतर शब्दांमध्येही तो तसाच बदललेला सापडतो. म्हणून दोन शब्द नात्यातले आहेत की नाहीत, हे ठरवताना ते सारखे दिसतात का हे पाहत नाहीत. त्यांच्यातला फरक नेहमीच्या नियमाने पडलेला आहे का, हे पाहतात.

केल्टिक शाखेचा सर्वांत ठळक नियम असा की मूळ भाषेतला 'प' बहुतेक ठिकाणी गळून गेला. आधी तो फुंकरीसारखा हलका झाला असावा आणि मग नाहीसाच झाला. संस्कृतात 'पितर', लॅटिनमध्ये 'पातेर', पण आयरिशमध्ये 'अहिर', म्हणजे वडील. लॅटिनमध्ये माशाला 'पिस्किस', आयरिशमध्ये 'ईअस्क'. संस्कृतात 'पत्' म्हणजे उडणे आणि 'पतत्र' म्हणजे पंख. त्याच मुळापासून आयरिशमध्ये पक्ष्यासाठी 'एन' हा शब्द झाला. 'पुष्कळ' या अर्थाचा वैदिक 'पुरु' आणि आयरिशमध्ये 'बहु-' या अर्थाने शब्दांच्या आधी लागणारा 'इल-' हेही नात्यातलेच. सगळीकडे 'प' गेलेला आहे आणि तो सगळीकडे गेला असल्यामुळेच 'पूर्ण'मधला 'प' आयरिशमध्ये न दिसणे हा या नात्याच्या बाजूचा पुरावा ठरतो.

'र' आणि 'ल' यांचा प्रश्न सोपा आहे. मूळ भाषेतल्या 'ल'च्या जागी संस्कृतात पुष्कळदा 'र' आला. राहिला मधला स्वर. मूळ रूपात 'प' आणि 'न' यांच्यामध्ये आपण ज्याला स्वर म्हणतो तो नव्हताच, तर स्वरासारखा लांबवून म्हटलेला 'ल' होता आणि त्याच्या मागे घशातून निघणारा एक ध्वनी होता, जो पुढे जवळजवळ सगळ्याच भाषांतून नष्ट झाला. हा जोड संस्कृतात 'प'सारख्या ओठांनी उच्चारल्या जाणाऱ्या व्यंजनानंतर 'ऊर्' झाला आणि केल्टिकमध्ये 'ला' झाला. म्हणून इकडे 'पूर्ण' आणि तिकडे 'लान'. हाच बदल आयरिशमध्ये हाताला असलेल्या 'लाव' या शब्दातही दिसतो. लॅटिनमध्ये तळहाताला 'पाल्मा' म्हणतात. 'प' गळाला, 'ला' राहिला. जमीन किंवा मध्यभाग या अर्थाचा आयरिश 'लार' हाही 'प' गमावूनच असा उघडा पडला आहे आणि इंग्रजीतला 'फ्लोअर' त्याचा नातलग आहे. डब्लिनच्या बसवर 'अन लार' अशी पाटी असते, म्हणजे बस शहराच्या मध्यभागी जाणार. त्या पाटीतही तो हरवलेला 'प' दडलेला आहे.

चेक भाषेत मात्र 'प' टिकला. तेथे 'भरलेला' या अर्थाचा शब्द 'प्ल्नी' असा आहे, ज्यात 'प' आणि 'न' यांच्यामध्ये आजही स्वर नाही, नुसता लांबवलेला 'ल' आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या मूळ रूपाची ठेवण ऐकायची असेल तर चेक माणसाला हा शब्द म्हणायला सांगावा, असे मला नेहमी वाटते. अर्थात चेकमधला हा ल-कार थेट मूळ भाषेपासून अखंड चालत आलेला नाही. मधल्या काळात स्लाव भाषांमध्ये, म्हणजे चेक ज्या शाखेतली त्या भाषांमध्ये, तेथे एक ऱ्हस्व स्वर येऊन गेला आणि पुन्हा लोपला. तरी कानाला मिळणारा अंदाज चुकीचा नाही.

म्हणजे आयरिश 'लान'चा चेकमधला खरा भाऊ 'लान' नसून 'प्ल्नी' आहे. याचा एक सुंदर दाखला कॅथलिक पंथाच्या मारियाप्रार्थनेत सापडतो. लॅटिनमध्ये मारियेला 'ग्रात्सिया प्लेना', म्हणजे कृपेने भरलेली, असे म्हटले आहे. आयरिश प्रार्थनेत त्या ठिकाणी 'लान' येतो, चेक प्रार्थनेत 'प्ल्ना' येतो, आणि वसईच्या मराठी ख्रिस्ती घरांत म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेत 'कृपापूर्णे' येते. लॅटिनसह या चारही भाषांनी प्रार्थनेचा अर्थ आपापल्या परीने मांडला आणि त्या जागी प्रत्येकीने, नकळत, एकाच मुळाचा शब्द ठेवला. मराठीत या मुळाचा पसारा फार मोठा आहे. पुरणे, पुरे, संपूर्ण, नदीचा पूर, पौर्णिमेची पुनव आणि पोळीत भरायचे पुरण हे सगळे त्याचेच.

आता चेक 'लान'कडे वळू. आजच्या चेक बोलण्यात तो बहुधा अनेकवचनी 'लानी' या रूपात, विस्तीर्ण शेतांसाठी येतो: गव्हाचे लान, वसंतात पिवळ्याधमक फुललेल्या मोहरीवर्गीय रेपबियांचे लान. 'लान स्व्येता', म्हणजे जगाचा एक लान, असे म्हटले की बराच लांबचा पल्ला असा अर्थ निघतो. पण जुन्या काळी हा शब्द काव्यापेक्षा महसुलाच्या कामाचा होता. मध्ययुगीन बोहेमिया आणि मोराव्हियात, म्हणजे आजच्या चेक देशाच्या पश्चिम आणि पूर्व भागांत, लान हे शेतजमिनीचे माप होते, साधारणपणे एका शेतकरी घराला पोसू शकेल एवढ्या जमिनीचे. बोहेमियातला लान ढोबळमानाने 18 हेक्टरांच्या, म्हणजे सुमारे 45 एकरांच्या आसपास धरला जातो. मात्र आपल्याकडचे जुने 'चाहूर' किंवा 'बिघा' जसे मुलखागणिक बदलत, तसाच तोही बदलत असे. ज्याच्याकडे पुरा लान तो 'लानीक', अर्धा असेल तर 'पोलोलानीक', पाव असेल तर 'च्त्वर्तलानीक', अशी शेतकऱ्यांची गावातली पायरीच या मापावरून ठरे. तीस वर्षांच्या युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या मोराव्हियात सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात कर बसवण्यासाठी गावोगावच्या जमिनीची नोंद करण्यात आली. त्या दफ्तरांना इतिहासकार 'लान नोंदवह्या' याच नावाने ओळखतात आणि कोणते घर ओस पडले, कोणत्या जमिनीवर कोण कसत होते, हे शोधणाऱ्यांना त्या आजही उपयोगी पडतात.

प्रागच्या पश्चिमेला 'लानी' नावाचे गाव आहे. तेथला वाडा 1921 पासून राष्ट्राध्यक्षांचे विश्रामस्थान आहे. चेकोस्लोव्हाकियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष तोमाश मासारिक यांचे 14 सप्टेंबर 1937 रोजी तेथेच निधन झाले आणि त्यांची साधी कबरही गावच्या दफनभूमीत आहे. 'लानीहून' असे म्हणायचे झाले की चेक व्याकरणानुसार अनेकवचनाचा प्रत्यय गळतो आणि 'ज लान' असे रूप होते; राष्ट्राध्यक्ष वात्स्लाव हावेल यांची रेडिओवरची संभाषणे 'होवोरी ज लान' याच नावाने प्रसिद्ध होती.

हा शब्द चेक भाषेत जर्मन भाषेतून आला. बाराव्या ते चौदाव्या शतकांत बोहेमिया आणि मोराव्हियाच्या राजांनी, सरदारांनी आणि मठांनी जंगले तोडून नव्या वसाहती उभारल्या आणि त्यासाठी जर्मन भाषक शेतकऱ्यांना बोलावले. ही मंडळी आपल्याबरोबर नांगराची पद्धत, जमीन धरण्याचे कायदे आणि त्या कायद्यांचे शब्दही घेऊन आली. प्रत्येक घरामागून थेट रानापर्यंत गेलेला एक लांबलचक पट्टा, अशा रचनेची गावे या काळात वसली. मध्ययुगीन जर्मनमध्ये 'लेहेन' म्हणजे धन्याने सेवेच्या किंवा खंडाच्या मोबदल्यात वापरायला दिलेली जमीन, ज्या व्यवस्थेला आपण मराठीत सरंजामशाही म्हणतो तिचा पाया. मधला दुबळा 'ह' चेक तोंडात टिकला नाही, दोन अक्षरे एकवटली आणि 'लान' उरला. पोलिश भाषेतही हा शब्द त्याच अर्थाने आहे आणि त्या काळच्या लॅटिन दस्तांत त्याला 'लानेउस' असे लॅटिन वस्त्र चढवलेले दिसते. गंमत अशी की चेक भाषेने हाच जर्मन शब्द आणखी एकदा घेतला. 'लेनो' म्हणजे सरंजामी जमीन, हा कायद्याचा शब्द. एकाच शब्दाची ही दोन रूपे पुढे वेगवेगळ्या वाटांनी गेली, एक शेतात राहिले आणि दुसरे कागदपत्रांत.

'लेहेन'चे मूळ शोधत मागे गेले की 'सोडणे, मागे ठेवणे' या अर्थाचा एक फार प्राचीन धातू सापडतो. ग्रीकमध्ये तो 'लेइपो' झाला, लॅटिनमध्ये 'लिंक्वो' आणि संस्कृतात, पुन्हा 'ल'चा 'र' होऊन, 'रिच्'. 'रिक्त' म्हणजे ज्यातले सगळे काढून घेतले किंवा सोडून दिले ते; प्राकृतातून त्याचाच मराठी 'रिता' झाला. 'अतिरिक्त' म्हणजे भरूनही मागे उरलेले. वैद्यांचे 'विरेचन' म्हणजे पोट रिते करणे.

'सोडणे' या अर्थापासून 'जमीन' या अर्थापर्यंतचा प्रवास कसा झाला असेल, हे कळायला संस्कृतच सर्वांत चांगली मदत करते. ऋग्वेदात 'रेक्णस्' हा शब्द धन, वारशाने आलेली संपत्ती या अर्थाने येतो, आणि धर्मशास्त्रात 'रिक्थ' म्हणजे मृताने मागे ठेवलेली मालमत्ता. मागे ठेवलेले ते वारशाचे, इकडे अर्थ असा वळला. जर्मानिक भाषांमध्ये, म्हणजे जर्मन, इंग्रजी ज्या शाखेतल्या तिच्यात, तो दुसरीकडे वळला: मालकाने स्वतःचा हात काढून दुसऱ्याच्या स्वाधीन केलेले ते उसने. हा 'रेक्णस्' आणि जर्मन 'लेहेन' घडणीनेही एकमेकांचे जोडीदार मानले जातात. स्कँडिनेव्हियातल्या प्राचीन नॉर्स भाषेत तोच शब्द 'लान' असा, रेघेसह, उसनवारीच्या अर्थाने होता. आइसलँडच्या भाषेत तो आजही कर्ज या अर्थाने आहे. उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांबरोबर तो इंग्लंडला गेला आणि तेथे 'लोन' झाला. त्यामुळे मराठी माणूस जेव्हा घरासाठी 'लोन काढले' असे म्हणतो, तेव्हा तो चेक शेताचाच चुलतभाऊ उच्चारत असतो. आणि चेक 'लान' हा अर्थाने उसनवारीचा शब्द पुन्हा उसनवारीनेच त्या भाषेत आला, हेही त्याच्या स्वभावाला धरूनच झाले म्हणायचे.

प्राणायाम शिकताना श्वास आत भरण्याला 'पूरक' आणि बाहेर सोडण्याला 'रेचक' म्हणतात. पहिल्या शब्दात 'पॄ' हा धातू आहे, दुसऱ्यात 'रिच्'. आयरिश 'लान' पूरकाच्या कुळातला आणि चेक 'लान' रेचकाच्या. एक शब्द भरण्यातून आला, एक सोडण्यातून, आणि दोघेही झिजता झिजता एकाच आकाराला येऊन थांबले.

येथे एका मोहक तर्काची दखल घ्यायला हवी. बोहेमिया हे नावच 'बोई' या केल्टिक टोळीवरून पडले आहे आणि रोमन इतिहासकार टॅसिटसच्या लेखनात ते 'बोइहेमुम' असे येते. मग चेक 'लान' म्हणजे त्या केल्ट लोकांनी मातीत मागे ठेवलेला शब्द का नसावा? तर्क आकर्षक आहे, पण टिकत नाही. बोई लोकांनंतर त्या भूमीत जर्मानिक टोळ्या नांदल्या आणि स्लाव लोक तेथे सहाव्या शतकात पोहोचले. 'लान' मात्र जर्मन वसाहतीच्या व्यवहारासोबत, त्याच काळच्या कागदपत्रांत, पोलिश आणि लॅटिन रूपांच्या संगतीने येतो. शिवाय 'भरलेला' या अर्थापासून ठरावीक मापाच्या, खंडाने दिलेल्या जमिनीपर्यंत पोहोचायला मधली एकही पायरी सापडत नाही, तर 'लेहेन'पासून ती सगळी पायवाट उजेडात आहे. आयरिश 'अ लान' म्हणजे पुष्कळ आणि चेक 'लान स्व्येता' म्हणजे लांबच लांब पल्ला, हे अर्थही जवळ आलेले दिसतात, पण मोठे शेत म्हटले की 'पुष्कळ' मनात येणारच. त्याला नात्याची गरज नाही.

चेक 'लान'चाही खरा नातलग आयरिशमध्ये आहे, फक्त तो वेगळ्या वेषात आहे. 'लिग' हे आयरिश क्रियापद, अर्थ 'होऊ देणे, सोडणे'. प्राचीन आयरिशमध्ये 'ल्येकिद' अशासारखे त्याचे रूप होते आणि ते याच 'रिच्'च्या कुळातले आहे. प्रत्येक 'लान'चा भाऊ पलीकडच्या भाषेत आहे. मात्र या दोन भावांपैकी एकही 'लान'सारखा दिसत नाही.

याच्या उलट उदाहरणही याच दोन भाषांत आहे. 'मे', म्हणजे रोमन 'म' आणि रेघेचा 'ए', हा शब्दही दोन्हीकडे सारखाच लिहितात. आयरिशमध्ये त्याचा अर्थ 'मी' आणि चेकमध्ये 'माझे'. येथे नाते खरे आहे, मराठी 'मी'सुद्धा त्याच घरातला. पण रेघेच्या 'ए'चे साम्य मात्र पुन्हा योगायोगाचे निघते. आयरिश शब्द पहिल्यापासूनच एका अक्षराचा होता, तर चेक 'मे' हा मूळच्या 'मोये' या दोन अक्षरी शब्दाचा आकुंचन पावलेला अवतार आहे आणि तो 'मोये' आजही चेक बोलण्यात त्याच्या शेजारी, त्याच अर्थाने, सर्रास ऐकू येतो.